हार्डींच्या रेशमाची कुळकथा

युरोपातल्या गिरण्यांत बारीक पीठ चाळायला रेशमाचं जाळीदार कापड वापरत. एकोणिसाव्या शतकात निसर्गशास्त्रज्ञांनी त्याच कापडाच्या निमुळत्या पिशव्या शिवल्या आणि समुद्राचं पाणी गाळायला घेतलं. त्यात सापडणाऱ्या, प्रवाहासोबत वाहणाऱ्या जीवांना जर्मनीच्या व्हिक्टर हेन्झेन यांनी १८८७ मध्ये ‘प्लँक्टन’ हे नाव दिलं. मराठीत आपण प्लवक म्हणतो. प्रकाशसंश्लेषणातून पृथ्वीवर जेवढं अन्न तयार होतं, त्यातलं जवळजवळ निम्मं समुद्रात तयार होतं, आणि ते मुख्यतः यांतल्याच एकपेशीय वनस्पती करतात. एवढ्या अफाट शेताची पाहणी मात्र ठिकठिकाणी जहाज थांबवून, जाळी सोडून करावी लागे.

ही अडचण सोडवली अ‍ॅलिस्टर हार्डी या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ते लोस्टॉफ्टला हेरिंग माशाच्या आहाराचा अभ्यास करत होते. शेवाळ दाटलेल्या पाण्यात हेरिंग मिळत नाही, हे ध्यानात घेऊन त्यांनी एक साधं नळकांडं बनवलं. आत रेशमाची चकती. मच्छीमारांनी ते बोटीमागे ओढायचं आणि चकती हिरवी निघाली, तर तिथे जाळं टाकायचं नाही.

पुढे १९२५ ते १९२७ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून अंटार्क्टिकच्या मोहिमेवर जाताना त्यांनी चकतीऐवजी रेशमाची लांब पट्टी वापरली. मला या यंत्राची रचना फार आवडते. पुढच्या तोंडाला जेमतेम सव्वा सेंटिमीटरचं चौकोनी भोक. तिथून पाणी आत येतं आणि पट्टीतून गाळलं जातं. मागच्या पंख्याला पाण्याच्या वेगानेच गती मिळते आणि तो रूळ फिरवतो, म्हणून जहाज जितकं पुढे जाईल तितकी पट्टी सरकते. दुसरी पट्टी वरून येऊन बसते आणि मधले जीव दोन पट्ट्यांत दाबून फॉर्मॅलिनच्या टाकीत गुंडाळले जातात. साधारण १० सेंटिमीटर रेशीम म्हणजे १० सागरी मैल पाणी. विजेची गरज नाही, की जहाजावर शास्त्रज्ञाची नाही. १९३१ पासून हल बंदरातून सुटणाऱ्या व्यापारी जहाजांमागे ही यंत्रं नेमाने ओढली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात काम थांबलं, १९४६ मध्ये पुन्हा सुरू झालं.

प्रयोगशाळेत पट्टी उलगडली की आधी तिचा रंग पाहतात. रंगहीन, अगदी फिकट हिरवा, फिकट हिरवा, हिरवा: एवढ्या चारच पायऱ्या. पद्धत ढोबळ वाटेल, पण उपग्रहांनी समुद्राचा रंग मोजायला १९७८ मध्ये सुरुवात केली. त्याआधीच्या कित्येक दशकांत उत्तर अटलांटिकमध्ये हिरवळ किती होती, हे सांगणारी एवढी सलग नोंद दुसरी नाही. १९८०च्या दशकाअखेर उत्तर समुद्र अधिक हिरवा झाल्याचं याच पट्ट्यांनी दाखवलं. सुमारे ८ लाख वर्षं अटलांटिकमधून नाहीसा झालेला निओडेंटिक्युला सेमिनी हा पॅसिफिकमधला डायाटम (एकपेशीय वनस्पती-प्लवक) १९९९ मध्ये लॅब्राडोर समुद्रात सापडला, तोही याच रेशमावर. जपून ठेवलेल्या जुन्या पट्ट्यांमधून पुढे प्लॅस्टिकचे सूक्ष्म कणही निघाले, १९६०च्या दशकापासूनचे.

माझ्या मते हार्डींचं खरं यश यंत्रापेक्षा शिस्तीत आहे. नंतर आलेल्यांनी सुधारणेचा मोह आवरला. जाळी २७० मायक्रोमीटरची आणि रेशमाचीच राहिली, रंगाच्या पायऱ्याही चारच, म्हणून आजची पट्टी १९५०च्या पट्टीशेजारी ठेवता येते.

तरीही १९८०च्या दशकाअखेर सरकारी निधी आटला आणि हे काम बंद पडण्याच्या बेताला आलं. १९९० मध्ये हार्डींच्या नावाने प्रतिष्ठान स्थापून ते वाचवण्यात आलं. २०१८ पासून ते प्लीमथच्या मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनकडे आहे, आणि मालवाहू जहाजांमागे ही यंत्रं अजूनही ओढली जात आहेत.