भिंगारची छावणी आणि एक बंद झालेली पेटी

२६ एप्रिल २०१८ रोजी अ‍ॅपल कंपनीने ‘एअरपोर्ट’ ही आपली उत्पादनमालिका बंद होत असल्याचे जाहीर केले. घरात बिनतारी इंटरनेट खेळवणारे दोन राउटर आणि ‘टाइम कॅप्सूल’ नावाची तिसरी पेटी, असा हा संसार होता. शिल्लक माल संपेपर्यंत विक्री चालू राहील, असे आश्वासन तेवढे सोबत होते. जाणकारांना आश्चर्य वाटले नाही. हा विभाग मोडीत निघाल्याची बातमी २०१६च्या नोव्हेंबरातच आली होती आणि २०१३नंतर या यंत्रांत नवे असे काही घडलेले नव्हते.

आपल्याकडे ही यंत्रे थोड्याच घरांत पोचली. तरीही वाङ्मयाच्या अभ्यासकाने तिसऱ्या पेटीकडे लक्ष द्यावे, असे आम्हांला वाटते. जुलै १९९९मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी न्यूयॉर्कच्या व्यासपीठावर इंटरनेटशी जोडलेला संगणक एका कड्यातून आरपार नेऊन दाखवला होता. तार कुठेही नाही, हे पटवण्यासाठी. ‘टाइम कॅप्सूल’ जानेवारी २००८मध्ये आली. तिच्या पोटात राउटरही होता आणि साठवणुकीची तबकडीही. संगणकातील मजकुराची प्रत ती दर तासाला आपसूक करून ठेवी. मागच्या चोवीस तासांच्या तासागणिक प्रती, मागच्या महिन्याच्या दिवसागणिक, त्याआधीच्या आठवड्यागणिक. आणि जागा संपली की सर्वांत जुनी प्रत पुसली जाई. मजकूर वाहून नेणे आणि मजकूर जपून ठेवणे ही दोन कामे एकाच यंत्राने करावीत, ही त्यामागची कल्पना होती.

नाव मात्र फसवे. ‘टाइम कॅप्सूल’ म्हणजे कालपात्र. आपल्याकडचे प्रसिद्ध कालपात्र इंदिरा गांधींच्या सरकारने १५ ऑगस्ट १९७३ रोजी लाल किल्ल्यात पुरले आणि जनता सरकारने १९७७मध्ये उकरून काढले. कालपात्र एकदा मिटले की मिटले. त्यात भर पडत नाही. प्रत ठेवण्याचे काम याच्या उलट, रोजचे, कंटाळवाणे, कारकुनी.

वाहून नेणे आणि जपणे यांची अशी सांगड पूर्वी कोठे पडली होती, हे शोधू गेल्यास आम्हांला भिंगार आठवते. अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) शहराला लागून असलेल्या या गावाजवळ औरंगजेबाची अखेरची छावणी होती. वाकिनखेड्याची मोहीम आटोपून बादशहा जानेवारी १७०६मध्ये येथे आला आणि ३ मार्च १७०७ रोजी येथेच वारला. दफन खुलदाबादला झाले. मृत्यूची जागा आजही ‘आलमगीर’ याच नावाने ओळखली जाते. वर्षभर हिंदुस्थानच्या सत्तेचे केंद्र दिल्ली नव्हते, आग्रा नव्हते. भिंगारच्या माळावरचे हे तंबू होते. सुभ्यासुभ्यांतून वाकियानवीस, सवानिहनिगार आणि हरकारे यांचे वृत्तान्त डाकचौक्यांवरून येथे येत आणि हुकूम उलट दिशेने जात.

या जाळ्याचा एक धागा दरबाराच्या मालकीचा नव्हता. मांडलिक राजांचे वकील छावणीबरोबर फिरत. दरबारात कोण हजर होता, कोणाची मनसब वाढली, कोणत्या किल्ल्याची खबर वाचली गेली, हे फारसीत टिपून ते आपल्या धन्याकडे पाठवत. ‘अखबारात-इ-दरबार-इ-मुअल्ला’ ती हीच. आंबेरच्या कछवाहांना इतिहासाची सेवा करायची नव्हती. बादशहाची मर्जी कोणीकडे झुकते, एवढेच त्यांना वेळेवर कळायला हवे होते. पण कागद आले ते फेकले गेले नाहीत. पाठवण्याची क्रियाच जपण्याची क्रिया ठरली.

बादशहा गेला आणि जाळे तुटले. शाहजादा आज्जम सैन्य घेऊन उत्तरेकडे निघाला आणि त्याच वर्षी जाजऊच्या लढाईत मारला गेला. मोगल दफ्तराची पुढच्या शतकात जी वाताहत झाली तिचे वर्णन येथे नको. आंबेरचे, म्हणजे पुढे जयपूरचे, कागद मात्र राहिले. त्यांतला काही भाग १८२३मध्ये इंग्लंडला परतलेल्या कर्नल जेम्स टॉडने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला दिला. जदुनाथ सरकारांनी या बातमीपत्रांच्या नकला करवून घेतल्या आणि औरंगजेबाच्या पंचखंडी चरित्रासाठी (१९१२ ते १९२४) त्यांचा भरपूर उपयोग केला. मराठी वाचकापर्यंत ती पोचली सेतुमाधवराव पगडींच्या ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’मुळे. मालिका सलग नाही. मधली खिंडारे मोठी आहेत. तरीही जे आहे ते धन्याच्या घरी नव्हे, परक्याच्या घरी उरले.

बादशहाच्या पत्रांची कथा थोडी वेगळी. मृत्यूपूर्वी काही दिवस त्याने आज्जमला माळव्याकडे आणि कामबक्षाला विजापूरकडे रवाना केले. या दोघांना लिहिलेली अखेरची पत्रे, ज्यांत आपले आयुष्य व्यर्थ गेल्याची खंत आहे, आज आपण वाचतो ती नकलकारांच्या संग्रहांतून. संग्रहासंग्रहांत पाठभेद आहेत. इनायतुल्लाखानासारख्या चिटणिसांनी पत्रे संकलित केली नसती तर पाठभेदांची चर्चा करण्याइतकाही मजकूर आपल्या हाती राहिला नसता. ‘लीळाचरित्रा’च्या पाठांवर ज्यांनी डोळे शिणवले आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको. मूळ ग्रंथ धाडीत गेला आणि स्मरणातून पाठ पुन्हा उभे राहिले, असे महानुभाव परंपराच सांगते.

आपल्या बाजूचा दाखला अधिक बोचरा आहे. १६८९मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि शिवकालीन राजदफ्तराचा बहुतेक भाग नाहीसा झाला. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढली ती गावोगावच्या घरांतून, देशमुख-कुलकर्ण्यांच्या रुमालांतून. टिळकांनी १९१६मध्ये प्रसिद्ध केलेली जेधे शकावली अशीच एका देशमुखी घराण्यातून आली. या मंडळींनी कागद जपले ते वतनाचा तंटा उद्भवल्यास दाखवता यावेत म्हणून. हा स्वार्थ आम्हांला वंद्य वाटतो.

‘टाइम कॅप्सूल’मध्ये उणे होते ते नेमके हेच. मूळ आणि प्रत एकाच छपराखाली, बहुधा एकाच टेबलावर. घर जळाले, चोरी झाली, तर दोन्ही एकदम जाणार. पहिल्या खेपेच्या काही पेट्या दीड-दोन वर्षांतच बंद पडू लागल्या आणि २०१०मध्ये कंपनीला त्या बदलून द्याव्या लागल्या. आता तीच कंपनी महिन्याच्या भाड्याने दूरच्या गोदामात प्रत ठेवून देते. अंतराचा प्रश्न त्यामुळे सुटतो. परकेपणाचा सुटत नाही. यंत्र तिचे, गोदाम तिचे, किल्लीचे नियमही तिचेच. आंबेरच्या वकिलाला बादशहा पगार देत नव्हता, म्हणून बादशहा गेल्यावरही त्याचे कागद राहिले.

जुन्या पेट्या कित्येक घरांत अजून चालू असतील. त्यांतली तबकडी काढून जोडता येते. पण प्रती ज्या रचनेत आहेत ती सहज उलगडायला त्याच कंपनीचा संगणक लागतो. बातमीपत्रांचे शिकस्ता अक्षरही असेच अडवते. ते वाचू शकणारे आज महाराष्ट्रात किती उरले आहेत, हे विद्यापीठांतल्या आमच्या मित्रांनी एकदा मोजून पाहावे.