शिकवण्याआधीची परीक्षा

पंतोजींची शाळा म्हटली की लोकांना छडी आठवते, अंगठे धरून उभी राहिलेली मुलं आठवतात. तिथली दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या शाळेत इयत्ता नव्हती. ओसरीवर नाहीतर देवळात बसलेल्या मुलांपैकी एखादा धूळपाटीवर मुळाक्षरं गिरवायचा, शेजारचा बाराखडीवर असायचा, कुणी पावकी-निमकी घोकायचा, तर थोरला मोडीचं वळण बसवायचा. मूल जिथवर आलं असेल तिथून पुढचं त्याला मिळायचं. मी त्या शाळेचं गुणगान करत नाही. मुलींना आणि गावकुसाबाहेरच्या पोरांना तिचं दार बंद होतं, आणि अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी भरपूर होती. पण ‘या मुलाला आत्ता काय येतं?’ या प्रश्नाला तिथे जागा होती.

1855 मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खातं उभं राहिलं आणि पुढे क्रमिक पुस्तकं, इयत्ता, वार्षिक परीक्षा अशी घडी बसत गेली. शाळा वाढल्या, आणि हळूहळू का होईना, बंद दारंही किलकिली झाली. हा फायदा मोठाच होता. मात्र प्रश्न बदलला. मुलाला काय येतं यापेक्षा पोर्शन कुठवर झाला हे महत्त्वाचं ठरलं, आणि परीक्षा वर्षाच्या शेवटी गेली. इंग्लंडमध्ये 1862 पासून शाळेचं अनुदान मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेवर ठरू लागलं होतं. मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही निकाल पाहून पैसे देण्याची पद्धत आली आणि 1882 च्या हंटर आयोगापुढे तिची चर्चा झाली. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार म्हटलं की शाळा सारवली जायची आणि मुलांकडून ठरलेले धडे पाठ करून घेतले जायचे. परीक्षा मुलाची आणि भाकरी मास्तरांची, असं झालं की मूल खरं बोलत नाही आणि मास्तरही बोलत नाहीत.

मी डी.एड. करून जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत लागले तेव्हा ‘पायाभूत चाचणी’ हा शब्द आमच्या कानावरही नव्हता. मात्र जुन्या गुरुजींची एक रीत होती. जूनमध्ये शाळा उघडली की पुस्तक लगेच उघडायचं नाही. एकेका मुलाला जवळ बसवायचं, चार ओळी वाचून घ्यायच्या, पाटीवर एक बेरीज, एक वजाबाकी घालायची. “बाई, पोर आधी ऐकून घ्या, धडा कुठे पळून जात नाही,” असं आमचे मुख्याध्यापक सांगायचे.

त्या पाटीवरून काय कळतं? 52 मधून 38 वजा करायला सांगा. एक मूल 26 लिहितं. ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतं, वरचा कुठला, खालचा कुठला हे बघतच नाही. दुसरं 24 लिहितं. त्याने दशक सुटा केला, बारातून आठ बरोबर काढले, पण पाचाचे चार करायला विसरलं. तपासणीत दोघांनाही शून्य. शिकवताना मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे देऊन गठ्ठा सोडायला शिकवावं लागतं, संख्या म्हणजे काय इथपासून. दुसऱ्याला एवढंच म्हणायचं, ‘गठ्ठा सोडलास, आता उरले किती ते मोज.’ वर्गाची टक्केवारी काढली की हा फरक पुसला जातो. माझ्या सगळ्या नोकरीत मला या फरकाहून मोलाचं काही सापडलं नाही.

या रीतीला पद्धतशीर रूप दिलं ते मुंबईत ‘प्रथम’ने. 1990 च्या दशकाच्या मध्यावर माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ही संस्था उभी केली. महापालिका शाळांमधल्या तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची. तिला ‘बालसखी’ म्हणत. पुढे संस्थेने जे साधन वापरलं ते एका पानावर मावणारं होतं: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल समोर बसतं, वाचतं, जिथे अडतं तिथे त्याची पातळी. काही मिनिटांचं काम. मग गट पाडायचे ते इयत्तेवरून नव्हे, या पातळीवरून. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात बालसखीची पाहणी केली आणि मुलं खरोखर पुढे जातात असं त्यांना दिसलं. या दोघांना 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते ज्या प्रकारच्या प्रयोगांसाठी, त्यांत हेही काम आहे. आमच्या अक्षरओळखीच्या पानाला एवढा मान मिळालेला पाहून माझा ऊर भरून आला होता.

तेच पान घेऊन 2005 पासून ‘असर’ची पाहणी गावोगावच्या घरांत जाऊ लागली. 2018 मध्येही ग्रामीण भारतातली पाचवीची जेमतेम निम्मी मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. अहवाल आला की शिक्षकांत संताप व्हायचा. राग येणं साहजिक होतं, पण पान खोटं नव्हतं.

1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. नापास करणं थांबलं, आणि वयानुसार वर्गात प्रवेश द्यायचा असं ठरलं. आमच्याकडे दिवाळीनंतर साखर कारखान्याच्या तळावरची मुलं यायची. ऊसतोडीच्या फडात वाढलेली नऊ वर्षांची पोर चौथीच्या बाकावर बसायची आणि तिच्या हातात पेन्सिल नवी असायची. तिला शाळेत घेणं न्यायाचंच होतं. पण चौथीचं पुस्तक तिच्यापुढे ठेवून न्याय पुरा होत नाही. आधी बघावंच लागतं.

2015 च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि दुसरी ते आठवीच्या वर्गांना भाषा-गणिताची पायाभूत चाचणी आली, आदल्या इयत्तेच्या अभ्यासक्रमावर. शिकवण्याआधी बघा, हे सरकारने प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर सांगितलं, आणि मला ते पाऊल आजही योग्यच वाटतं. पण छापील प्रश्नपत्रिका वरून, गुण ‘सरल’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, मग शाळांची आणि केंद्रांची तुलना! सुरुवातीचे गुण कमी असले की पुढची वाढ मोठी दिसते, हे कुणालाही कळण्यासारखं होतं. दिपोटीच्या काळातली भीती नव्या वेषात परत आली. 2023 मध्ये ‘स्टार्स’ प्रकल्पाखाली हीच चाचणी पुन्हा सुरू झाली, या वेळी गुण चॅटबॉटवर भरायचे होते.

चाचणी बंद करा असं मी म्हणणार नाही. राज्याला आकडे लागतात, तेही कळतं. अधिकाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे: गुण घ्या, पण त्यावर शाळांची क्रमवारी लावू नका, आणि चाचणीनंतरचे पंधरा दिवस शिक्षकाकडे दुसरी कुठलीही माहिती मागू नका. आणि नव्याने लागलेल्या शिक्षकांनो, पेपर तपासून झाले की गठ्ठा कपाटात ठेवू नका. ज्या मुलाचं उत्तर चुकलं आहे त्याला जवळ बसवा आणि हे उत्तर त्याने कसं काढलं ते त्याच्याच तोंडून ऐका.