हजाराची हाली नोट

आपला हिंगोली जिल्हा १९९९ चा. त्याआधी आपण परभणीत, अन् त्याच्याही आधी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथला रुपया वेगळा. त्याला लोक हाली म्हणायचे, इंग्रजांच्या रुपयाला कलदार. १९५० ला दोन्ही एकाच बाजारात आले तेव्हा ७ हालीला ६ भारतीय रुपये, असा हिशेब धरला.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली. मग १९१८ ला निजाम सरकारनं १० अन् १०० च्या नोटा काढल्या. मागून ५ ची, १ ची, अन् १९२६ ला थेट १००० ची. सुरुवातीला छपाई लंडनच्या वॉटरलो कंपनीत. त्याच लंडनात १९२३ ला बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' निघाला होता, हे ध्यानात ठेवा.

आता या नोटा नीट बघा. मजकूर उर्दू. साल फसली. किंमत मात्र उर्दूशिवाय इंग्रजी, मराठी, तेलुगू, कानडीतही. कचेरीची भाषा उर्दू असणाऱ्या सरकारला नोटेवर मराठी का लागली? मराठीचं प्रेम? छे! नोट म्हणजे सरकारचं वचन. ते वाचता आलं नाही तर लोक कागद घेत नाहीत, चांदीच मागतात. हिंगोली कापसाची मोठी पेठ. चांदीचे हजार हाली म्हणजे अकरा किलोच्या वर वजन. नोट झाली की तेच खिशात मावतं. ही सोय कुणाची? आडत्याची, सावकाराची.

अन् आपला माणूस? गावचा वसूल तालुक्याच्या खजिन्यापर्यंत पोचवायचं काम महाराकडं. मोजायचं पाटील-कुलकर्ण्यानं, वाट तुडवायची यानं. सरकारचा पैसा राखत उन्हातान्हात चालायचं अन् स्वतःला काय? बलुतं. खळ्यावरची ज्वारी, तीही मालकाच्या मर्जीनं. म्हणजे रुपया त्याच्या डोक्यावर होता, हातात नव्हता. नोटेवर मराठी आली, पण ती वाचायला त्याला अक्षर कुणी शिकवलं होतं? पाच भाषांच्या त्या कागदात त्याच्याशी बोलणारी एकही नव्हती. चांदीचं ओझं निदान मानेला कळायचं. कागदाचं तेही नाही.

हाली नोटा काढणं १९५१ ला थांबलं, चलनातून त्या १९५९ ला बाद झाल्या. तेव्हाची पोरं आज ऐंशीच्या घरात आहेत. कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव, कुठंही जा, त्यांच्याजवळ बसा. आज्याला मजुरीत ज्वारी मिळायची का हाली, किती, अन् पहिली नोट घरात कधी आली, हे विचारा. नावनिशीवार लिहून काढा. कुलकर्ण्याच्या दप्तरात ते सापडायचं नाही.