ममतेचं खातं

"जो मुक्या जनावरावर माया करतो, तो माणसाशी वाईट वागूच शकत नाही," हे आमच्या एका साहेबांचं लाडकं मत. साहेबांकडे पॉमेरेनियन होता. त्याला सर्दी झाली, तेव्हा साहेब अर्ध्या दिवसाच्या रजेवर गेले. माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या वेळी मात्र माझ्या रजेला 'कामाची निकड' आडवी आली.

मी पडलो कॉमर्सवाला. तत्त्वज्ञान कळत नाही, पण ताळा जुळला नाही की झोप येत नाही. म्हणून इतिहासाची खतावणी काढली.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला आणि २४ नोव्हेंबरला तिथे प्राणिसंरक्षणाचा कायदा आला. जनावराला विनाकारण छळणं गुन्हा! वाचून डोळे पाणावावेत. खुद्द हिटलरचा ब्लाँडी नावाच्या अल्सेशियन कुत्रीवर फार जीव.

त्याच राजवटीत १९४२ साली ज्यूंना पाळीव प्राणी ठेवायला बंदी झाली. ड्रेस्डेनच्या व्हिक्टर क्लेम्परर या ज्यू प्राध्यापकाकडे मुशेल नावाचा बोका होता. त्याला सरकारच्या हवाली करण्यापेक्षा, मे महिन्यात प्राध्यापकाच्या बायकोनं स्वतःच त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं आणि शांतपणे मरण दिलं. प्राध्यापकानं हे चोरून लिहिलेल्या डायरीत टिपून ठेवलं. ती डायरी सापडती, तर त्याचाही जीव जाता.

आणि ब्लाँडी? १९४५ च्या एप्रिलअखेरीस, विषाच्या कुप्या चालतात की नाही हे पाहायला हिटलरनं त्यातली एक तिलाच देववली. म्हणजे माया होती, पण मुदत संपेपर्यंतच!

माझा हिशेब असा : ममतेचं खातं एका शाखेत असतं आणि माणुसकीचं दुसऱ्या. एकातली शिल्लक दुसऱ्यात आपोआप जात नाही. स्लिप भरून, सही करून, स्वतः वळती करावी लागते. यात कुत्र्याचा काही दोष नाही हो. तो बिचारा साधा खातेदार.

हा शोध बायकोला ऐकवत मी गॅलरीतल्या मांजरीला दूध घालत होतो. तेवढ्यात कामाच्या मावशी म्हणाल्या, "दादा, उद्या येत नाही. पोराला ताप आहे."

"उद्या? अहो, उद्या घरी पाहुणे आहेत!" मी म्हणालो.

मावशी गप्प झाल्या, पदर खोचून भांड्यांकडे वळल्या. बायको माझ्याकडे बघत राहिली. मांजर मिशा चाटत होती, अगदी पॉमेरेनियनसारखी तृप्त.

मी उठलो, मोरीपाशी गेलो आणि म्हणालो, "मावशी, परवासुद्धा येऊ नका."

पाहुण्यांची भांडी मी घासली. दोन कप फुटले. ते खर्ची टाकले.