प्रेमकथा लिहिणारे दोन मास्तर

प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक मूर्ती उभी राहते. विस्कटलेले केस, हातात फूल, खिडकीबाहेर चांदणे आणि पोटापाण्याची चिंता मुळीच नाही! मराठीत मात्र ज्या दोघांच्या कादंबऱ्यांनी तरुण वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना वेड लावले, ते दोघेही घंटा वाजली की वर्गावर जाणारे शिक्षक होते. ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवीत. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत रुजू झाले आणि १९३८ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, तेथेच राहिले. आयुष्यभर शाळामास्तरकी केलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीचा थोडा अभिमान वाटला, तर वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

फडके यांचा जन्म १८९४ चा, कर्जतचा. 'अल्ला हो अकबर' ही त्यांची पहिली कादंबरी १९१७ साली आली. ती मेरी कॉरेली या इंग्रज लेखिकेच्या 'टेंपोरल पॉवर' या कादंबरीवर बेतलेली होती. ही कॉरेलीबाई मोठी विलक्षण. शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला राहत असताना तिने व्हेनिसच्या धर्तीची एक गोंडोला नाव आणवली होती आणि तीत बसून ती गावच्या एव्हन नदीत फेरफटका मारी. लेखनातला चमत्कार जगण्यातही हवा, असा तिचा खाक्या. तिच्या बोटाला धरून मराठी साहित्यात शिरलेल्या फडक्यांची रीत मात्र अगदी वेगळी. कादंबरी ही शिकता येणारी कला आहे, अशी त्यांची धारणा होती. कथानक कसे रचावे, सुरुवात कशी करावी, वाचकाची उत्कंठा कशी वाढवावी, हे त्यांनी १९३१ च्या 'प्रतिभासाधन'मध्ये एखाद्या प्राध्यापकाने फळ्यावर मांडावे तसे मांडले. 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' या कादंबऱ्यांतले टेनिस, चहा, मोटारी आणि कॉलेजातली मुलेमुली पाहून टीकाकारांनी नाके मुरडली. वाचकांनी मात्र पुस्तके खाली ठेवली नाहीत.

याच फडक्यांनी १९२७ साली भारतातील लैंगिक प्रश्नावर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला, आणि त्याला अमेरिकेतील संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. चांदण्यातल्या प्रेमाची वर्णने करणारा लेखक लग्नानंतरच्या संसाराचा, बाईच्या प्रकृतीचा आणि मुलांच्या संख्येचाही विचार करीत होता, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांच्या लक्षात क्वचितच येते.

खांडेकरांची तऱ्हा निराळी. ते मूळचे सांगलीचे, जन्म १८९८ चा. शिरोडे हे गोव्याच्या सीमेलगतचे समुद्रकाठचे खेडे. घरात आणि बाजारात कोकणी वळणाची बोली, शाळेत पुस्तकी मराठी. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मास्तरांना ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही! 'हृदयाची हाक', 'कांचनमृग', 'उल्का', 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या या खेड्यातल्या मास्तरकीच्या काळात लिहिल्या गेल्या. १९३० साली याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. खांडेकरांचा नायक प्रेम करता करता गरिबी आणि अन्याय यांच्याकडे वळून पाहतो, त्याचे मूळ या भोवतालात शोधावे लागते. पुढे मास्टर विनायकांच्या चित्रपटांसाठी ते लिहू लागले आणि १९३८ साली कोल्हापूरला आले. आता दोघे मास्तर एकाच गावात. एक म्हणे कलेसाठी कला, दुसरा म्हणे जीवनासाठी कला. १९४० च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके आणि लगेच १९४१ च्या सोलापूर संमेलनाचे खांडेकर! महाराष्ट्राने निवाडा दिलाच नाही, दोघांनाही वाचले.

दोघांमध्ये एक साम्य मात्र होते. कादंबरीतून उरणारे क्षुल्लक असे जे काही असते, त्यावर दोघांचेही प्रेम होते. फडक्यांच्या 'गुजगोष्टी' आणि खांडेकरांच्या 'वायुलहरी' हे लघुनिबंध म्हणजे रोजच्या जगण्यात अवचित सापडलेल्या चिजांचा संग्रहच. मोठे तत्त्वज्ञान न सांगता साध्या वस्तूवरून, साध्या प्रसंगावरून मित्राशी बोलावे तसे बोलायचे, ही ती रीत. वाचकाला वाटे, हा माणूस आपल्याच ओसरीवर बसला आहे. मग अशा माणसाला पत्र लिहायला संकोच कसला? खांडेकर तर आपल्या पुस्तकांना लांबलचक प्रस्तावना जोडीत. त्या वाचताना, कुणा वाचकाने विचारलेल्या प्रश्नाला हे सविस्तर उत्तरच चालले आहे, असे वाटत राहते. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. तेव्हा दुसऱ्याने वाचून दाखवायचे आणि दुसऱ्याने उतरून घ्यायचे, अशा रीतीने त्यांचे काम चालू राहिले.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९५६ पर्यंत आपण ज्या मध्य प्रदेशात होतो त्याची राजधानी नागपूर होती, आणि हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा इकडेच राहिला आणि त्याबरोबर सौंसर आणि पांढुर्णाही. नागपूर तेवढ्याच अंतरावर राहिले, पण ते आता परराज्यात होते. सरकारी कागद हिंदीत आला. मुले हळूहळू हिंदीत शिकू लागली. घरात मराठी टिकली ती स्वयंपाकघरात, देवघरात, लग्नाच्या याद्यांत. आणि आणखी एका ठिकाणी: उशाखाली लपवलेल्या कादंबरीत!

हे मी अनुमानाने लिहीत नाही. या भागातल्या घरांतून शाळेकडे देणगी म्हणून आलेली जुनी पुस्तके मी वर्षानुवर्षे चाळली आहेत. त्यांत काय काय निघाले म्हणून सांगू! वाळलेले पळसाचे फूल, संत्र्यांच्या पेट्यांचा हिशेब, रेल्वेचे तिकीट. खांडेकरांच्या एका कादंबरीत मात्र खरा ठेवा निघाला. कुणा वाचकाने, बहुधा हिंदी मुलखातून आलेल्या सुनेने, समासात पेन्सिलीने शब्दांचे अर्थ लिहिले होते. 'शिक्षा' या शब्दापुढे 'सजा'. 'चेष्टा'पुढे 'मज़ाक'. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न. तेव्हा नायकाने चेष्टा केली आणि नायिका रडली, हे वाचून ती बिचारी किती चक्रावली असेल! पण तिने पुस्तक टाकले नाही. पुढच्या पानांवर अर्थ विरळ होत जातात आणि शेवटच्या पन्नास पानांत एकही नाही. कोणत्याही परीक्षेविना एक माणूस मराठी शिकला होता.

लिपी एकच असल्याचा हा आपल्याला मिळालेला मोठा लाभ. तिकडे मद्रासकडे लिपीही वेगळी आणि भाषाही वेगळी. तरी का. श्री. श्री. यांनी केलेल्या अनुवादांमुळे खांडेकर तमिळ घराघरांत इतके वाचले गेले की पुष्कळांना ते तमिळ लेखकच वाटत. १९५९ च्या 'ययाति'ला १९७४ साली मराठीतले पहिले ज्ञानपीठ मिळाले. दूरच्या परभाषकांनी ज्याला आपले मानले, त्याला आपल्या घरातल्या हिंदी शाळेत जाणाऱ्या नातवाने परके का मानावे?

प्रेमकथेला हलके मानण्याची आपल्याला सवय आहे. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, तिच्यामागे सांगितली जाते ती कथा कसली? पांढुर्ण्याचा तरुण, सावरगावची तरुणी आणि दोन काठांवरून आलेले दगड! एका प्रेमकथेपायी हा गाव दरवर्षी रक्ताळतो. तेव्हा प्रेमकथा ही पोरकट बाब आहे, असे निदान आपण तरी म्हणू नये. ज्या कथेत दोन काठ जोडले जातात, तीही मुलांच्या हाती पडायला हवी.

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. कचेऱ्या आल्या, फलक आले. मराठी घरात राहील की नाही, हे मात्र कचेरी ठरवणार नाही. यंदाच्या दिवाळीत फराळानंतर एखादी जुनी कादंबरी काढावी, आजीने मोठ्याने वाचावी आणि नातवंडांनी ऐकावी. आवडली तर आज लिहिणाऱ्या एखाद्या मराठी लेखकाला चार ओळींचे पत्र त्यांच्याकडून लिहवून घ्यावे. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चालेल, मधूनच एखादा हिंदी शब्द आला तरी चालेल. तपासायला मी बसलो आहेच, पण या पत्राचे गुण मी कापणार नाही!