दोरी पडली तेव्हा

शिवनेरीवर शिवजन्मस्थान पाहिलं की माणसं माघारी फिरतात. माथ्यावरच्या कोळी चौथऱ्यापर्यंत थोडेच चढतात. अलीकडे आदिवासी पोरं अभिवादनाला जातात, तेवढीच जाग. आमच्या आज्याची गडाची गोष्ट मात्र त्या चौथऱ्याचीच, आणि ती सुरू व्हायची जमीन मोजायच्या दोरीपासून.

उन्हाळ्यात बाळहिरडा अंगणात वाळत पडलेला असायचा. आजा काठीनं तो खालीवर करायचा, पिवळट पडलेला दाणा बाजूला सारायचा, आणि मध्येच गोष्टीत खेमा नाईक यायचा. बावन्न मावळं, मावळागणिक नाईक. 1636 मध्ये निजामशाही बुडाली, जुन्नरचा मुलूख मोगलांकडे गेला. त्यांनी तोडरमलाच्या रीतीनं डोंगरातली रानं मोजून दर बसवले. तोवर ढोबळ अंदाजावर चाललेलं. आता खाचर न् खाचर दोरीखाली. खेमानं नाईकांना बंडाची शपथ घातली. "बेलभंडार उचलला का माघार नाय, पोरा."

आज्याच्या गोष्टीत कोळी गड घेतात, मग मोगलांचा वेढा पडतो. आत्या सांगू लागली की वरसुबाई देवी मशाल घेऊन पुढं चालायची. आजा ते गाळायचा, पण आत्याला कधी खोडत नसे. शेवट दोघांचा एकच: मुंडकी उडवली, रास घातली, वर चौथरा बांधला. मेलेल्यांचा आकडा सांगणाऱ्यागणिक वाढतो. साल कुणी 1650 धरतं, कुणी 1657.

छापील हकिकत मी पुढं वाचली. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात बंड आहे, चौथरा आहे. भर मात्र पकडून आणलेल्यांच्या कत्तलीवर आहे. त्याआधी, 1830 च्या दशकात, कॅप्टन मॅकिंटॉशनं महादेव कोळ्यांवर लिहिलं, तेही म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून. हा गडी उमाजी नाइकांच्या पाठलागावर होता. बंडखोर पकडणाऱ्यानंच बंडाची गोष्ट टिपून ठेवावी, याची मला अजून गंमत वाटते. म्हणजे ग्रंथातला पुरावा शोधत गेलो तर तिथंही कुणाचा तरी आजाच बसलेला.

वेढा घालून शिवनेरी घेणं सोपं नव्हतंच. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नर शहर लुटलं, गड राहिला. 1673 चा प्रयत्नही फसला. 1675 मध्ये आलेला इंग्रज डॉक्टर फ्रायर लिहितो, हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढा साठा वर आहे. गंगा-जमुना टाक्यांचं पाणी पाहिलं की ते पटतं. एवढा गड खेमाच्या माणसांनी घेतला असेल का? मला शंका आहे. आज्याला नव्हती.

त्याचं कारण बहुधा डिंभे धरण. घोड नदीवरच्या धरणासाठी मोजणीवाले साखळी घेऊन आले, जुनं आंबेगाव पाण्याखाली जायचं ठरलं, तेव्हा आज्याच्या गोष्टीत भर पडली. मोगलांचा मोजणीदार आता खाकी अर्धी चड्डी घालू लागला, बांधावर खुंट्या ठोकू लागला, म्हाताऱ्यांना "सही कर" म्हणू लागला. मी एकदा हटकलं, "आजा, मोगलांच्या वेळी सही?"

"अंगठा," तो म्हणाला, आणि हिरडा उलटू लागला.