बिअरच्या आधीचा वेल्श रॅबिट

1526 साली लंडनमध्ये जॉन रॅस्टेल या मुद्रकाने चुटक्यांचे एक पुस्तक छापले. त्यातला एक चुटका वेल्श लोकांवर आहे. स्वर्गात वेल्श मंडळींची गर्दी झाली आणि त्यांच्या अखंड बडबडीने देव कावला. त्यांना बाहेर काढायचे काम सेंट पीटरने अंगावर घेतले. तो दाराबाहेर जाऊन मोठ्याने ओरडला, ‘कौस पोबी!’ ते ऐकताच एकूणएक वेल्श माणूस बाहेर धावला. पीटर मागच्या मागे आत शिरला आणि त्याने दाराला कडी घातली.

‘कौस पोबी’ म्हणजे भाजलेले चीज. पुढे 1540च्या दशकात अँड्र्यू बोर्ड या इंग्रज वैद्याने देशोदेशींच्या लोकांवर पुस्तक लिहिले. त्यातला वेल्श माणूसही आपल्याला भाजलेले चीज फार आवडते असेच सांगतो. म्हणजे सोळाव्या शतकातच ही आवड थट्टेचा विषय होण्याइतकी सर्वतोमुखी झाली होती. आज ‘वेल्श रॅबिट’ किंवा ‘वेल्श रेअरबिट’ म्हणून जो पदार्थ ओळखला जातो, त्याचे मूळ या भाजलेल्या चीजमध्ये सापडते. त्याच्या आजच्या बहुतेक कृतींत बिअर असते, मग कुणी बिअरशिवाय केला की लोक त्याला तडजोड म्हणतात. जुनी पुस्तके उघडली तर प्रकार नेमका उलटा दिसतो.

डोंगराळ, पावसाळी वेल्समध्ये शेतीपेक्षा जनावरांवर भिस्त जास्त, त्यामुळे दूध आणि चीज हीच घरातली मोठी मत्ता. दहाव्या शतकातल्या हवेल दा या राजाच्या नावाने ओळखली जाणारी वेल्श कायद्याची संहिता हे चांगले दाखवते. नवरा-बायको वेगळे झाले तर घरातल्या वस्तूंची वाटणी कशी करायची, ते तिच्यात तपशिलाने सांगितले आहे. मिठाच्या पाण्यात मुरत असलेले चीज बायकोचे आणि तिथून काढून टांगलेले नवऱ्याचे. चीज कोणत्या अवस्थेत आहे यावर मालकी ठरायची!

इंग्रजीत ‘वेल्श रॅबिट’ हे नाव 1725 पासून आढळते. सशाचा त्यात कधीच पत्ता नव्हता. नावात शेजाऱ्याला काढलेला चिमटा आहे. 1785 मध्ये फ्रान्सिस ग्रोसने आपल्या बोलीभाषेच्या कोशात ‘रेअर बिट’ अशी फोड दिली आणि त्याच कोशात अर्थ सांगितला तो साधा, पाव आणि चीज भाजलेले. बिअरचा उल्लेख नाही.

याहून पक्का पुरावा हॅना ग्लास या लेखिकेचा. 1747 साली निघालेले तिचे पाकपुस्तक पुढे अनेक दशके इंग्लंडच्या स्वयंपाकघरांत वापरले गेले. तिने स्कॉच, वेल्श आणि इंग्लिश असे तीन ‘रॅबिट’ दिले आहेत. स्कॉच प्रकारात दोन्ही बाजूंनी भाजलेल्या पावाला लोणी लावून त्यावर दोन्ही बाजूंनी शेकलेली चीजची चकती ठेवायची. वेल्श प्रकारात चीज आधी एकाच बाजूने भाजायचे, ते टोस्टवर मांडायचे आणि वरची बाजू तापलेल्या लोखंडाने तांबूस करायची. हवी तर मोहरी चोळायची. इंग्लिश प्रकारात मात्र टोस्ट रेड वाइनने भिजवून घ्यायचा आणि मग त्यावर चीज रचायचे. तिघांत दारू आहे ती एकट्या इंग्लिश प्रकारात.

ते तापलेले लोखंड म्हणजे आजच्या ओव्हनमधल्या ग्रिलचा पूर्वज. लांब दांड्याची जाड लोखंडी चकती निखाऱ्यात खुपसून लाल होईपर्यंत तापवत आणि पदार्थाच्या अगदी जवळ, पण न टेकवता धरत. खालचा पाव करपत नसे आणि चीजवर फोड येऊन डाग पडत. चीज कढईत वितळवून त्याचे दाट सॉस करणे हा नंतरचा टप्पा. पातेले आले तशी त्यात काहीतरी पातळ घालण्याची गरजही आली, आणि बिअरला वाट मिळाली ती इथे.

तरी एकोणिसाव्या शतकातही बिअर सक्तीची झाली नव्हती. 1861च्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध पुस्तकातल्या वेल्श प्रकारात लोणी, चेशायर किंवा ग्लॉस्टर चीज, मोहरी आणि मिरी एवढेच आहे. अमेरिकेत 1896 साली फॅनी फार्मर यांनी बॉस्टनच्या पाकशाळेच्या पुस्तकात दोन कृती शेजारी शेजारी छापल्या. पहिलीत पातळ साय आणि कॉर्नफ्लोअर, दुसरीत एल किंवा लागर बिअर आणि एक अंडे. पहिला मान सायीचा. 1903 मध्ये फ्रान्सच्या एस्कोफिएने आपल्या ग्रंथात बिअरवर वितळवलेले चीज घेतले आणि हॉटेलांच्या स्वयंपाकात ते रुळले. उत्तर फ्रान्समध्ये, लिलच्या आसपास, ‘वेल्श’ या नावाने चेडर, बिअर आणि हॅमचा गरमागरम वाडगा आजही मिळतो.

आणि खुद्द वेल्समध्ये त्या सुमारास काय चालले होते? चर्चमधून आणि गावोगावच्या चॅपलांतून दारूबंदीची चळवळ जोरात होती. 1881 साली ब्रिटिश संसदेने खास वेल्ससाठी कायदा करून रविवारी दारूची दुकाने बंद ठेवली. ती सक्ती 1961 पर्यंत चालली. मग जिल्ह्याजिल्ह्यांत मतदान घेऊन एकेक भाग मोकळा होत गेला. वायव्येकडच्या दुइवोर भागाने शेवटी, 1996 मध्ये, रविवारची बंदी सोडली. बाहेरच्या हॉटेलांत ‘वेल्श’ पदार्थात बिअर ओतली जात होती, तेव्हा वेल्समधल्या कित्येक घरांत बिअरची बाटली यायचीच नाही.

बिअर घातल्याने फरक पडतो, हे खरे. चीज म्हणजे केसीन या प्रथिनाची जाळी, कॅल्शियमने सांधलेली, आणि त्यात अडकलेली चरबी. आच जास्त झाली की जाळी आकसते, चरबी बाहेर येते आणि पातेल्यात एकीकडे तूप, दुसरीकडे रबरासारखा गोळा राहतो. बिअरमधले पाणी चीज सैल करते, तिचा किंचित आंबटपणा जाळी ढिली करायला मदत करतो आणि तिची कडवट चव तेलकटपणा कापते. यातल्या कुठल्याही कामाला अल्कोहोल लागत नाही. शिवाय ‘शिजताना दारू उडून जाते’ हा भरवसाही पोकळ आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार उकळत्या पदार्थात दारू घालून तो लगेच उतरवला, तर सुमारे 85 टक्के अल्कोहोल तसेच राहते आणि 15 मिनिटे शिजवल्यावरही 40 टक्के उरते. रॅबिट तर पाच-सात मिनिटांत होतो. ज्यांना दारू वर्ज्य आहे, त्यांनी ती घालूच नये.

मग घरी कसे करायचे? चार टोस्टसाठी 25 ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवून त्यात तेवढाच मैदा एक-दोन मिनिटे परतावा. कच्चा वास गेला पाहिजे, रंग बदलता कामा नये. 125 मिलिलिटर कोमट दूध थोडे थोडे घालून गुठळ्या मोडाव्यात. पिठातला स्टार्च प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून पुढे घातलेले चीज फुटत नाही. पातेले विस्तवावरून उतरवून मगच 200 ग्रॅम किसलेले, चांगले मुरलेले चेडर मुठीमुठीने घालावे. चेडरऐवजी डब्यातले प्रोसेस्ड चीज घेतले तर काम आणखी सोपे. 1911 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गेर्बर आणि स्टेटलर या दोघांनी सायट्रेटसारख्या क्षारांनी न फुटणारे चीज बनवले आणि आपल्याकडचे प्रोसेस्ड चीजही अशाच क्षारांवर चालते. मात्र त्याची चव सौम्य, म्हणून सॉसमध्ये घालायची मोहरी वाढवावी. मोहरीची पूड वापरायची तर आधी गार पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवावी. तिखटपणा त्या पाण्यात तयार होतो. थेट गरम सॉसमध्ये टाकली तर मोहरी नुसतीच कडू लागते.

आंबटपणासाठी चमचाभर माल्ट व्हिनेगर पुरते. वर वूस्टर सॉसचे थेंब टाकायची ब्रिटिश पद्धत आहे, पण त्या सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात. शाकाहारी घरात त्याला पर्याय त्याच बाटलीच्या लेबलावर सापडतो, कारण त्यात चिंचही असते. चिंचेचा दाट कोळ अर्धा चमचा, त्यात गुळाचा छोटा खडा, चिमूटभर मिरी आणि दोन थेंब व्हिनेगर. पाव आधी दोन्ही बाजूंनी कडक भाजावा, नाहीतर सॉस मुरून तो लिबलिबीत होतो. मग वर सॉस पसरून ग्रिलखाली तांबूस डाग पडेपर्यंत ठेवावा आणि लगेच, चीज अजून बुडबुडत असतानाच, ताटात घ्यावा.